‘आता घरी न्या, सेवा करा’

‘आता घरी न्या, सेवा करा.’ हे वाक्य कानावर न आलेलं मराठी घर क्वचितच असेल. आयसीयूच्या दाराशी, उभ्याउभ्याच, मोठे डॉक्टर हे बोलतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. मागे राहिलेला निवासी डॉक्टर, वय पंचवीस-सव्वीस, एक छापील कागद पुढे करतो. मजकूर असा, की आम्ही आमच्या पेशंटला वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून हॉस्पिटलात याला ‘डामा’ म्हणतात. ‘नऊ नंबर डामा गेला,’ असं सिस्टरच्या टेबलाशी कुणीतरी सांगतं आणि नऊ नंबरची चादर बदलली जाते.

नीट पाहिलं तर कागद खोटा आहे. घरी न्या म्हणाले डॉक्टरच, आणि कागद म्हणतो सल्ल्याविरुद्ध. सही करणाऱ्या थोरल्या मुलाला पुढे वर्षानुवर्षं खात राहतं की बाबांना आपण उपचार सोडून घरी आणलं. पेशंट घरी येतो तो बहुतेकदा दुखणं थांबवणाऱ्या औषधाशिवाय. रात्री धाप लागली तर काय करायचं, हेही घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि तो पंचवीस वर्षांचा डॉक्टर? तो त्या दोन मिनिटांत बरंच काही शिकला. शेवटाकडे निघालेल्या माणसाच्या घरच्यांशी उभ्यानं बोलायचं असतं. मोजकं बोलून सटकायचं असतं. आणि लचांड नको असेल तर कागदावर भलतंच लिहायचं असतं.

वर्गात त्याला याच्या नेमकं उलट शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांपैकी मीही एक.

वर्गात काय चालतं ते आधी सांगतो. 2018 साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं एमबीबीएससाठी वृत्ती, नीती आणि संवाद या तिन्हींचा मिळून एक अभ्यासक्रम आणला. त्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप ‘एटकॉम’, आणि मुलं तेच म्हणतात. 2019 च्या प्रवेशापासून तो लागू झाला. पहिल्या वर्षी त्यात ‘मृतदेह हाच आपला पहिला गुरू’ अशा आशयाचा पाठ आहे. पुढच्या वर्षांत संमती कशी घ्यायची, गुप्तता कशी पाळायची, वाईट बातमी कशी सांगायची हे येतं, आणि अगदी शेवटच्या वर्षात एक पाठ मृत्यूवर. आमच्या वेळी एवढंही नव्हतं. नीती म्हणजे न्यायवैद्यकाच्या पुस्तकातलं एक प्रकरण, आणि त्यात मुख्यतः कोणत्या गुन्ह्यासाठी कौन्सिल आपलं नाव काढून टाकतं याची जंत्री. तेव्हा एटकॉम आलं हे चांगलंच झालं. पण एक विसंगती मला कायम टोचते. मेलेल्या माणसासोबत आमची मुलं अख्खं वर्ष काढतात. मरत असलेल्या माणसाशेजारी बसायला वेळापत्रकात त्यांना काही तास मिळाले तरी पुष्कळ.

त्यात खरी अडचण तासांची नाहीच. फ्रेडरिक हॅफर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1994 साली एका सहकाऱ्यासोबत लिहिलेल्या लेखात वैद्यकीय शिक्षणातल्या ‘छुप्या अभ्यासक्रमा’बद्दल मांडणी केली. छापील अभ्यासक्रम सांगतो, पेशंटला नावानं हाक मारा. राउंडवर सर म्हणतात, ‘चौदा नंबरचा सिरॉसिस कसा आहे?’ विद्यार्थी काय उचलणार, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ कशाला हवा! घरात वडील फोनवर ‘मी घरी नाही म्हणून सांग’ म्हणतात आणि मुलाला खरं बोलायला शिकवतात, तसलाच हा प्रकार. कुणी जेवायला थांबलं, कुणी घड्याळ पाहिलं, कुणी मृत्यूचा दाखला भरताना हसत होतं, हे सगळं विद्यार्थी टिपत असतो.

तरीही वर्गात शिकवावं लागतं, कारण काही गोष्टी आधी डोक्यात स्वच्छ नसतील तर खाटेशेजारी सुचत नाहीत. चार तत्त्वांपासून सुरुवात होते: माणसाला स्वतःबद्दल ठरवण्याचा हक्क, त्याचं भलं करणं, त्याला इजा न करणं आणि न्याय. ही 1970 च्या दशकाअखेरीस अमेरिकेत मांडली गेली आणि आज जगभरच्या वैद्यकीय कॉलेजांत पाठ केली जातात. पाठ करायला सोपीच आहेत. माणूस समोर आला की ती एकमेकांशी भांडायला लागतात.

वर्गात मी नेहमी हा प्रसंग देतो. अण्णा, वय अडुसष्ट, गावचे माजी सरपंच, फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेला. मुलगा केबिनबाहेर गाठून म्हणतो, ‘डॉक्टर, अण्णांना काही सांगू नका. टीबी झालाय म्हणून सांगितलंय आम्ही. ऐकलं तर हाय खाऊन मरतील.’ आता काय करायचं? अर्धा वर्ग म्हणतो, पेशंटचा हक्क आहे, सांगून टाकायचं. उरलेला अर्धा म्हणतो, आपल्याकडे घर ठरवतं, सांगायचं नाही. दोन्ही बाजू अण्णांना काही विचारतच नाहीत! मग मी एक मुलगी अण्णांसमोर पाठवतो (अण्णा होतो आमच्याच विभागातला एक निवृत्तीला आलेला क्लार्क, उत्तम नट). तिनं विचारायचं एवढंच: ‘अण्णा, तुमच्या दुखण्याबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय कळलंय?’ आणि मग: ‘पुढचं सगळं तुम्हाला सांगू, की घरात कुणाशी बोलू?’ अण्णा कधी म्हणतात, ‘पोराशी बोला, मला नका सांगू.’ हाही त्यांचाच निर्णय झाला. स्वतः ठरवण्याच्या हक्कात दुसऱ्यावर सोपवण्याचा हक्क येतोच. आणि कधी अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणतात, ‘टीबीला केमो देतात का हो, ताई?’ वर्ग चिडीचूप होतो. पेशंटला बहुतेकदा ठाऊक असतं. मुलानं घाबरू नये म्हणून तोही नाटक करत असतो, आणि एकाच घरात दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत राहतात. शेताची वाटणी, धाकटीचं लग्न, कुणाशी तरी तुटलेलं बोलणं, सगळं त्यात राहून जातं.

यानंतर वाईट बातमी सांगण्याची पद्धत. 2000 साली उत्तर अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांनी तिच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्यांची आद्याक्षरं जोडून मुलं ‘स्पाइक्स’ म्हणतात. आधी जागा बघायची, मग समोरच्याला काय माहीत आहे ते विचारायचं, किती ऐकायचं आहे ते विचारायचं, मग सांगायचं, मग रडू-राग येईल त्याला जागा द्यायची आणि शेवटी पुढचं ठरवायचं. यातली पहिली पायरी मुलांना क्षुल्लक वाटते आणि माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं. स्टूल ओढून बसायचं. मोबाइल सायलेंटवर, शक्यतो खिशात. तीन मिनिटंच असतील तर तीन मिनिटंही बसून बोलायची. सरकारी वॉर्डात वेगळी खोली कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे ड्रेसिंगच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या, भागतं.

सांगण्याच्या शब्दांवरही तालीम घ्यावी लागते. ‘आता काही करता येण्यासारखं नाही’ हे वाक्य मी वर्गात सक्त मना केलं आहे, कारण ते सपशेल चुकीचं आहे. कॅन्सर आटोक्यात आणता येणार नसेल, पण वेदना, धाप, मळमळ, झोप न लागणं, तोंड कोरडं पडणं, पडून पडून होणारे शेजघाव या प्रत्येकावर इलाज आहे. याला उपशामक उपचार (पॅलिएटिव्ह केअर) म्हणतात, आणि हे शास्त्र नवं नाही. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटाकडे निघालेल्यांची शुश्रूषा करणारं ठिकाण, सुरू केलं. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. म्हणूनच असेल, शरीर दुखतं तसं मन, घर आणि श्रद्धाही दुखते आणि हे सगळं मिळून एकच दुखणं असतं, असं त्यांनी मांडलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईतलं, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, 1986 पासून. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. केरळात तर गावोगावचे स्वयंसेवक हे काम करतात. असं असूनही जगभरात ज्यांना या सेवेची गरज असते त्यांपैकी सुमारे 14 टक्के लोकांनाच ती मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मॉर्फिनची कथा तर शिकवण्यासारखीच आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचं असं जंजाळ झालं की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांसाठी वाट सोपी झाली. पण मधल्या तीसेक वर्षांत डॉक्टरांची एक पिढी मॉर्फिनची गोळी कशी द्यायची ते न शिकताच मोठी झाली. तीच पिढी आज शिकवते आहे. मला प्रश्न येतो, ‘सर, मॉर्फिननं श्वास बंद पडला तर? मग आपण मारलं असं नाही का होणार?’ कमी मात्रेपासून सुरू करून वेदनेच्या मापानं वाढवत नेलेलं मॉर्फिन माणूस मारत नाही. आणि हेतू वेदना थांबवण्याचा, मात्रा त्या हेतूला साजेशी, तर नीती आणि कायदा दोन्ही डॉक्टरच्या बाजूनं उभे राहतात. हेतू आणि मात्रा केसपेपरवर लिहून ठेवायची, एवढंच.

कायद्याचा तास मी अरुणा शानबाग यांच्यापासून घेतो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या परिचारिका. नोव्हेंबर 1973 मध्ये तिथल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला, साखळीनं गळा आवळला, मेंदूला प्राणवायू पोचला नाही. त्यानंतर 42 वर्षं, 18 मे 2015 पर्यंत, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना अन्न देणं थांबवावं म्हणून याचिका केली. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली, पण त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. मुलं निकालातली कलमं पाठ करून येतात. मी विचारतो, अरुणाच्या वतीनं बोलायचा हक्क कुणाचा? त्यांची कथा जगापुढे मांडणाऱ्या लेखिकेचा, की रोज अंग पुसणाऱ्या, भरवणाऱ्या सहकाऱ्यांचा? न्यायालयानं सहकाऱ्यांना कौल दिला. यावर तासभर भांडण होतं आणि ते होऊ द्यावं.

9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की सन्मानानं मरण हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ‘लिव्हिंग विल’ला मान्यता मिळाली. याचा मृत्युपत्राशी गोंधळ करू नका. मृत्युपत्र मेल्यावरच्या मालमत्तेचं, हे जिवंतपणीच्या उपचारांचं. मी शुद्धीत नसेन आणि बरा होण्याची आशा नसेल तर मला व्हेंटिलेटर नको, असं आधीच लिहून ठेवायचं. 2018 ची पद्धत मात्र इतकी किचकट होती, दंडाधिकाऱ्याची सही, जिल्हाधिकाऱ्याचं मंडळ, पुन्हा दंडाधिकाऱ्याची भेट, की पेशंट वाट बघता बघता जायचा. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयानं ती सुटसुटीत केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आली की हॉस्पिटलचं एक मंडळ, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, शक्यतो 48 तासांत मत देतं. दुसरं मंडळ ते तपासतं. दंडाधिकाऱ्याला कळवायचं. लिव्हिंग विल नसेल तर घरच्यांच्या संमतीनं हीच वाट धरता येते. 31 मे 2024 रोजी गोव्यात उच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून राज्यात सुरुवात करून दिली. महाराष्ट्रात डॉ. निखिल दातार यांच्या याचिकेनंतर स्थानिक स्वराज्य संस्थांत ही कागदपत्रं सांभाळणारे अधिकारी नेमले गेले.

वर्तमानपत्रं या सगळ्याला ‘इच्छामरण’ असा मथळा देतात आणि घोळ होतो. इंजेक्शन देऊन मारणं हा भारतात गुन्हाच आहे. निरुपयोगी ठरलेला उपचार थांबवून आजाराला त्याच्या गतीनं जाऊ देणं ही वेगळी गोष्ट. विनोबांनी 1982 मध्ये पवनारला अन्न-औषध थांबवलं, त्याला महाराष्ट्रात कुणी खून म्हणालं नाही. मुलांना इथे एक गाठ सुटत नाही: व्हेंटिलेटर न लावणं चालेल, लावलेला काढणं म्हणजे मारणं. वैद्यकीय नीती या दोन्हींत फरक करत नाही. उलट काढता येतच नसेल तर डॉक्टर लावायलाच घाबरेल, आणि दोन दिवसांत सुधारू शकला असता तो पेशंटही उपचाराला मुकेल. पण हात थरथरतो हे खरं आहे. माझाही थरथरतो. आणि हीच वाट नीट ठाऊक असती तर नऊ नंबरच्या मुलापुढे डामाचा कागद धरायची वेळ आली नसती.

एक गोष्ट अभ्यासक्रमात नाही, पण नाइट ड्युटी केलेला प्रत्येक जण जाणतो. हृदय थांबल्यावर छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचे असतात. म्हाताऱ्या माणसाच्या फासळ्या मोडतात, आवाज येतो. पेशंट वाचणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तसं घरच्यांशी बोलायचं मात्र कुणी बोललेलं नसतं. मग पडद्याआड हळूहळू, देखल्या देवा दंडवत अशा बेतानं दाब दिले जातात. बाहेर येऊन सांगतात, ‘आम्ही पूर्ण प्रयत्न केले.’ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 2020 साली, अशा पेशंटला हे पुनरुज्जीवन करायचं नाही असा निर्णय आधीच चर्चा करून कसा लिहून ठेवावा, याची मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. तीन पानी फॉर्म नको, एक खरंखुरं बोलणं हवं. ते दुपारी चार वाजता झालं नाही म्हणून पहाटे चारला ते नाटक होतं.

आणि हे नाटक करणारा डॉक्टर छत्तीस तास जागा असतो, हे न सांगता करुणेवर व्याख्यान देणं मला अप्रामाणिक वाटतं. चहासुद्धा न मिळालेल्या मुलाला मी सहानुभूतीच्या सहा पायऱ्या कोणत्या तोंडानं विचारू? न्यायाचं तत्त्व वर्गात शिकवायचं तर ड्युटीच्या तक्त्यापासून सुरुवात करावी लागेल. पण तक्ता माझ्या हातात नाही.

एटकॉमच्या प्रत्येक पाठानंतर मुलांनी वहीत स्वतःचा अनुभव लिहायचा असतो. बहुतेक जण एकमेकांचं उतरवतात. शाई बदलते, मजकूर नाही. गेल्या सत्रात एका मुलीची वही मात्र वेगळी निघाली. वॉर्डातल्या एका आजोबांच्या बायकोशी ती स्वतःहून बोलायला गेली होती. तिनं लिहिलं होतं:

‘स्टूल घेतलं. काकूंना विचारलं, तुम्हाला काय सांगितलंय. त्या म्हणाल्या, घरी न्या, सेवा करा म्हणालेत. मी विचारलं, सेवा म्हणजे काय करायचं हे कुणी सांगितलं का. त्या नाही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, तिकडे सलाइन नसेल, मग मी त्यांना उपाशी मारायचं का गं बाळा? मला उत्तर आलं नाही. मी नुसती बसले.’

उत्तर असं आहे. अखेरच्या दिवसांत शरीर पाणी वापरू शकत नाही. सलाइन चढवलं तर ते पायांत आणि फुप्फुसांत साचतं, धाप वाढते. भूक आधीच गेलेली असते. त्या वेळी कोरडे पडलेले ओठ आणि जीभ ओली ठेवायची असते, चमच्यानं, कापसाच्या बोळ्यानं, थेंब थेंब. आपल्याकडे आजी तुळशीचं पान पाण्यात बुडवून ओठांना लावायची, ते याहून फार वेगळं नव्हतं.

हे मी वहीत लिहिलं नाही. समासात लिहिलं, ‘उद्या साडेआठला वॉर्डात ये, काकूंना दोघं मिळून सांगू. स्टूल दोन लागतील.’